पुणे आणि सातारा यांच्या दरम्यान

आमचा भाचा गेली नऊ वर्षं उदयोन्मुख आहे. उगवायला सूर्याला इतका वेळ लागत नाही, पण सूर्याला अर्ज कुठे भरावे लागतात? भाच्याला लागतात. शिष्यवृत्तीचा अर्ज, कार्यशाळेचा अर्ज, महोत्सवाचा अर्ज. प्रत्येक अर्जात एक रकाना ठरलेला: आपण उदयोन्मुख की प्रस्थापित? प्रस्थापितावर खूण केली की पुरावे जोडावे लागतात. म्हणून तो दर वर्षी इमानेइतबारे उदयोन्मुखावर खूण करून मोकळा होतो.

तो डॉक्युमेंटरी छायाचित्रकार आहे. हे नातेवाइकांना समजावून सांगणं हा माझ्या ताईच्या आयुष्यातला मोठाच उद्योग होऊन बसला आहे.

"फोटो काढतो."

"हो का? लग्नाचे?"

"नाही हो, डॉक्युमेंटरी."

पुढे शांतता पसरते. अशा वेळी दाजी पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात, "डॉक्युमेंट म्हणजे कागदपत्र. कागदपत्रांना लावायचे फोटो काढतो असं सांग, लोकांना लगेच कळेल."

गेल्या डिसेंबरात हा गृहस्थ माझ्याकडे आला. एका दालनात त्याचे फोटो लागायचे होते, स्वतःच्या हिमतीवरचं पहिलंच प्रदर्शन. हातात एक छापील कागद होता.

"मामा, दीडशे शब्दांचा परिचय आहे. इंग्रजीत तयार आहे, दालनवाल्यांना मराठीतही हवाय. तुझं मराठी चांगलं आहे."

माझं मराठी चांगलं आहे हा समज घरात कसा पसरला, देव जाणे. मी ३१ वर्षं बँकेत होतो आणि थकबाकीदारांना नोटिसा लिहायचो. नोटिशीचा एकच नियम: वाचणाऱ्याला पहिल्या वाचनात कळलं पाहिजे की आपण कोण आणि आपल्याकडून काय येणं आहे. भाच्याचा परिचय मी तीनदा वाचला. तो त्याने स्वतःच लिहिलेला होता, पण कुणा परक्या विद्वानाने डोंगराआडून दुर्बिणीने पाहून लिहावा तसा. पहिल्याच वाक्याचं मी शब्दाला शब्द लावून मराठी केलं, ते असं झालं: 'हा पुणे आणि सातारा यांच्या दरम्यान राहतो व काम करतो.'

ताई भाजी निवडत ऐकत होती. "दरम्यान म्हणजे?" ती म्हणाली. "शिरवळला?"

"आई, तसं नसतं ते. कलावंतांच्या परिचयात तसंच लिहितात. बर्लिन आणि न्यूयॉर्कच्या दरम्यान."

"त्यांच्यामध्ये समुद्र आहे. तुमच्यामध्ये खंबाटकी घाट आहे."

सरळ सांगायचं तर तो कोथरूडला आईबापांकडे राहतो आणि कराडच्या बाजूला आजोळच्या उसाच्या पट्ट्यात फोटो काढायला एसटीने जातो. पण एवढं सरळ लिहिलं तर दीडशे शब्द भरायचे कसे?

मग आली पार्श्वभूमी. या पार्श्वभूमीत माझाही थोडा दोष आहे. माझ्याकडे आग्फाचा क्लिक थ्री होता. १२० चा रोल, त्यात बारा फोटो. त्या बारांत एक मुंज, एक गणपती, एक दिवाळी आणि माहेरपणाला आलेल्या तीन बहिणी बसवायच्या असायच्या. त्यामुळे बटण दाबण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांची संमती घ्यावी लागे. तो बंद पडलेला कॅमेरा मी भाच्याला सातव्या वाढदिवशी खेळायला दिला. ताई म्हणते, "त्यापेक्षा तेव्हाच पत्ते दिले असतेस, तर दिवाळीपुरताच खेळला असता."

कॉलेजात त्याने मेकॅनिकल घेतलं आणि तिसऱ्या वर्षाला सोडलं. सोडताना त्याने रघु राय यांचा दाखला दिला. ते मूळचे सिव्हिल इंजिनिअर. दिल्लीत थोरल्या भावाच्या, छायाचित्रकार एस. पॉल यांच्या संगतीत कॅमेरा हाती पडला. सुरुवातीलाच गाढवाच्या एका शिंगराचा फोटो काढला, भावाने तो लंडनच्या 'टाइम्स'ला पाठवला आणि तो छापून आला. पुढे १९७७ मध्ये फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांचं नाव मॅग्नम या छायाचित्रकारांच्या संस्थेसाठी सुचवलं. आणि १९८४ साली भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर त्यांनी टिपलेला, मातीत पुरल्या जाणाऱ्या त्या अनाम बाळाचा चेहरा एकदा पाहिला की विसरता येत नाही.

दाजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "रायांनी इंजिनिअरिंग पुरं केलं होतं ना? आणि गाढवाचंच म्हणशील तर ते आमच्याही घरात आहे. लंडनचे लोक विचारत नाहीत, एवढंच."

ताईवर त्याने व्हिव्हियन मायरचा प्रयोग करून पाहिला. ही बाई अमेरिकेत दुसऱ्यांची मुलं सांभाळायची आणि फावल्या वेळात रस्त्यावर फोटो काढायची, कुणाला न दाखवता. २००७ साली शिकागोत तिचं भाडं थकलेल्या गोदामातलं सामान लिलावात निघालं आणि तिचं काम उजेडात येऊ लागलं. निगेटिव्ह लाखाच्या वर भरल्या. "तिलाही कुणी ओळखत नव्हतं, आई!"

"मुलं सांभाळून करत होती ना?" ताई म्हणाली. "मग तुझ्या ताईच्या बाळाला घे तासभर. मी तेवढ्यात कुकर लावते."

या जातीच्या माणसाची देवघरं ठरलेली असतात आणि त्यांचे सोवळ्याचे नियमही. कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायका कॅमेऱ्याचे चकचकीत भाग काळ्या पट्टीने झाकायचे, लोकांच्या डोळ्यावर येऊ नये म्हणून. भाच्याने आपल्या जुन्या कॅमेऱ्याला लाइटवाल्याची इन्सुलेशन टेप गुंडाळली. परिणाम असा, की जो तो हळहळून विचारतो, "काय रे, फुटला?" मग कुणाच्या डोळ्यावर येऊ नये म्हणून झाकलेल्या त्या कॅमेऱ्याची माहिती तो समोरच्याला अर्धा तास देतो.

दुसरा देव रॉबर्ट कापा. फोटो चांगला आला नाही याचा अर्थ तुम्ही पुरेसे जवळ गेला नाहीत, अशी त्याची शिकवण. कापा १९५४ मध्ये इंडोचायनात सैन्याबरोबर चालताना सुरुंगावर पाय पडून गेला, हे लक्षात घेऊन शिष्यांनी जरा सबुरीने घ्यायला हवं. पण भाचा एका टायरगाडीच्या बैलाच्या इतका जवळ गेला की बैलाने लेन्स चाटून काढली. तो फोटो मी पाहिला आहे. खालच्या निम्म्या भागात गुलाबी धुकं आहे. गाडीवाला म्हणाला होता, "खारट लागलं असंल. घाम व्हता का काचंला?"

तिसरं सोवळं रोलचं. खरं काम तो फिल्मवरच करतो, कृष्णधवल, छत्तीस फोटोंचा रोल. आणि तो घरीच धुतो. घरी म्हणजे बाथरूममध्ये. रसायनाचं तापमान वीस अंश लागतं. आपल्याकडे एप्रिलमध्ये नळालाच तीसच्या वर पाणी येतं, त्यामुळे फ्रीजमधला सगळा बर्फ 'डेव्हलपर'च्या भांड्याभोवती जातो आणि आल्यागेल्याला कोमट पन्हं मिळतं. धुतलेल्या निगेटिव्ह बाल्कनीत दोरीवर, चिमटे लावून, दाजींच्या बनियनशेजारी वाळत असतात. एकदा खाली आजींच्या कुरडया होत्या. त्या वर्षीच्या कुरडया तळताना फुलल्या छान, पण वास फोटो स्टुडिओचा आला.

प्रिंट करायचे तर लाल दिवा. बंद पडलेल्या एका स्टुडिओतून आणलेलं एन्लार्जर वॉशिंग मशीनवर ठेवलेलं असतं. बाहेरच्यांना नियम असा, की लाल दिवा दिसला तर दार वाजवायचं नाही. हा नियम चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजींना मान्य नाही.

"अरे, उघड."

"आजी, पाच मिनिटं! कागद बाहेर आहे!"

"तुझा कागद बाहेर असेल, मी पण बाहेर आहे. उघड."

त्या दिवशी सहा कागद काळे पडले. त्यांतला एक काळाठिक्कर कागद त्याने 'आजी, दाराशी' या नावाने एका स्पर्धेला पाठवला. तो पहिल्या वीसांत आला.

उपजीविकेचा उल्लेख परिचयात नव्हता. असतच नाही. कारण उपजीविका लग्नं करतात. कार्तिकी एकादशी झाली, तुळशीची लग्नं लागली की भाचा काळा शर्ट घालून डिजिटल कॅमेऱ्यानिशी मांडवात उभा. या कामाला तो 'कमर्शियल' म्हणतो आणि म्हणताना कारलं खाल्ल्यासारखं तोंड करतो. पण डोळा एकदा डॉक्युमेंटरीचा झाला की तो मांडवातही स्वस्थ बसत नाही. एका वधूपित्याचा फोन मीच घेतला होता. "साहेब, फोटो उत्तम आहेत. पण मुलीच्या आत्याचा एकही नाही. आणि भांडी घासणाऱ्या बाईच्या हातांचे चाळीस आहेत. आत्या रुसून बसल्या आहेत. त्यांना काय दाखवू?"

त्याच्या स्वतःच्या लग्नाचं विचाराल, तर दोन स्थळं येऊन गेली. एका मुलीच्या वडिलांनी विचारलं, "पगार किती?" त्याने सांगितलं की त्याचं काम दीर्घकालीन आहे. "काम दीर्घकालीन असू दे हो, पगार मासिक आहे का?" या प्रश्नाला छायाचित्रकलेच्या इतिहासात उत्तर नाही.

आता राहिली आवड. कागदावर लिहिलं होतं की त्याचं काम स्मृती, स्थलांतर आणि अनुपस्थिती यांचा शोध घेतं. मी बँकेत होतो, शोध घेणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. पण इथे कोण हरवलंय? "कोणी नाही रे मामा," तो म्हणाला आणि त्याने फोटोंची चळत माझ्यापुढे टाकली.

ते ऊसतोडीचे फोटो होते. चार हंगाम तो कराडच्या बाजूला बीडकडून आलेल्या टोळ्यांमागे फिरतो आहे. दिवाळीच्या सुमाराला माणसं येतात, पट्टा पडला की उन्हाळ्यात परततात. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली, ती अंगावर फेडायची. नवराबायको मिळून एक कोयता. माणसांची मोजणीही तशीच: टोळीत माणसं किती हे नाही विचारत, कोयते किती ते विचारतात. शेताच्या कडेला पाचटाच्या, प्लास्टिकच्या कोप्या. त्यांच्या पोटात चूल, पोर, बॅटरी आणि देवाची तसबीर. पहाटे अंधारात तोड सुरू. बाई मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते.

यामागेही एक देव आहेच. सेबास्तियाँव साल्गादो हा ब्राझीलचा अर्थतज्ज्ञ, आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेतली नोकरी सोडून १९७३ मध्ये कॅमेऱ्याकडे वळला, आणि जगभरच्या कष्टकऱ्यांवरच्या त्याच्या पुस्तकात ऊसतोडेही आहेत. पण खोटं कशाला बोलू, चळत पाहताना मी साल्गादोला विसरलो. एक फोटो पाहून मी चष्मा काढून पुसला. मोळीखालून बाईचा फक्त चेहरा दिसतो आणि ती हसते आहे.

"ही का हसतेय?"

तो जरा घुटमळला. "ती मला विचारत होती, दादा, फोटू कवा देणार?"

"मग? दिलास?"

तो गप्प.

बाईचं पुढचं वाक्यही त्याने सांगितलं. "समदे काढतेत, देत कोणीच नाही."

आता गंमत पाहा. याच मुलाने मला एकदा रात्री बारापर्यंत बसवून डोरोथिया लँगच्या फोटोची कथा सांगितली होती. १९३६, कॅलिफोर्नियात निपोमो नावाचं गाव, वाटाण्याच्या शेतावरची मजूर बाई, तिच्या दोन्ही खांद्यांआड तोंड लपवलेली मुलं. जगात ज्या फोटोंनी नाव काढलं त्यांत त्याचा नंबर वरचा. बाईचं नाव मात्र कुणी विचारलं नव्हतं. ती फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन, हे जगाला कळलं १९७८ साली. तेव्हा तिची तक्रार काय होती? की फोटोतून आपल्याला छदाम मिळाला नाही. आणि लँग एक प्रत पाठवते म्हणाली होती, ती काही पाठवली नाही. हे सांगताना भाच्याचा गळा दाटून आला होता. त्या वेळी त्याच्या कपाटात टोळीच्या चार हजार निगेटिव्ह होत्या आणि गेलेली प्रत एकही नव्हती.

मी त्याला मामाच्या नात्याने बोललो नाही, बँकेच्या नात्याने बोललो. "हे येणं आहे तिचं. चार हंगाम थकलंय."

त्याचे कान लाल झाले. मग तो म्हणाला, "तसं एकदा दिलेत रे. पण ते वेगळे."

ते वेगळे म्हणजे असे. गेल्या हंगामात त्याच बाईला गावाकडच्या कुठल्याशा अर्जासाठी पासपोर्ट फोटो हवे होते. फोटो काढायला बाजारपेठेत जायचं तर दिवसाची तोड बुडते. "एवढा मोठा कॅमेरा हाय, त्यात बारका फोटू निघत नाही का?" ती म्हणाली. भाच्याने तत्त्वाचा मुद्दा मांडून पाहिला: आपण माणसांना उभं करत नाही, आपण प्रसंगात ढवळाढवळ करत नाही. ती म्हणाली, "मी उभी ऱ्हाते की. तुमी नका करू."

मग टायरगाडीला तिच्या नवऱ्याचं पांढरं धोतर बांधलं. बाईने केस ओले करून चापून बसवले, पदर सारखा केला आणि बजावलं, "दोन्ही कान आले पाहिजेत. मागच्या टायमाला कान नव्हते म्हणून अर्ज माघारी आला." लग्नातला डिजिटल कॅमेरा बाहेर निघाला. ज्या स्टुडिओला हा मुलगा जन्मभर नाकं मुरडत आला, त्या स्टुडिओतली वाक्यं त्याच्या तोंडून आपोआप पडू लागली. "मान सरळ. हनुवटी जरा खाली. डोळे मिटू नका." तिचं पाहून दुसरी आली, मग तिसरी. संध्याकाळपर्यंत अकरा कोयते धोतरापुढे उभे राहून गेले, म्हणजे बावीस माणसं. शिवाय तीन पोरं आणि आग्रहाखातर एक कुत्रं. कराडच्या एका स्टुडिओतून त्याने साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचे, आठाच्या पट्ट्यांत प्रिंट काढले आणि दुसऱ्या दिवशी वाटले.

त्या पट्ट्यांची एकेक प्रत त्याच्या पाकिटात होती. मी टेबलावर मांडली. पांढऱ्या धोतरापुढे बावीस चेहरे, सगळे थेट माझ्याकडे बघणारे. कुणी कोयता नव्हतं. एकेक जण होता.

"हे प्रदर्शनात लाव," मी म्हणालो.

तो दचकलाच. "मामा, ते काम नाही. ते नुसते फोटो आहेत."

मी परिचयाकडे वळलो. स्मृती झाली, स्थलांतर झालं, अनुपस्थितीशी गाडी अडली. मी विचारलं, "टोळीत अनुपस्थितीला काय म्हणतात?"

"अनुपस्थितीला? म्हणजे कामावर न येणं? खाडा."

"मग खाडा लिही."

"खाडा केला की मुकादम पैसे कापतो, मामा. तो अर्थ नाहीये माझा."

"अर्थ त्यांचा आहे. तू त्यांचे फोटो लावतोयस."

त्याने थोडा वेळ भिंतीकडे बघितलं. मग पेन्सिलीने 'अनुपस्थिती' खोडलं आणि 'खाडा' लिहिलं. दीडशे शब्दांचा परिचय एकशे चारांवर आला, आणि नोटिशीसारखा एका वाचनात कळू लागला. 'उदयोन्मुख' मी राहू दिलं. पोराच्या पोटावर कशाला पाय द्यायचा?

जानेवारीत प्रदर्शनाचं उद्घाटन झालं. चहा होता, बिस्किटं होती, खादीचे झब्बे होते. बैलाने चाटलेल्या फोटोपुढे दोघे जण बराच वेळ विचारात पडलेले होते. दाजींनी सगळे फोटो क्रमाने पाहिले, प्रत्येकाखालची चिठ्ठी वाचली आणि एवढंच म्हणाले, "रंगीत परवडत नव्हतं का?" पण ते दोनदा फिरले, हे मी पाहिलं. टोळीतलं कुणी नव्हतं. हंगाम भरात होता. यायचं तर खाडा पडला असता.

भाषणं चालू असताना भाच्याचा फोन वाजला. तो बाहेर गेला आणि हसत परत आला. मुकादमाच्या फोनवरून ती बाई बोलली होती. अर्ज मंजूर झाला, कान आले होते. आता पलीकडच्या फडावर नवी टोळी उतरली आहे, त्यातल्या चौदा जणांना फोटो पाहिजेत. धोतर धुऊन ठेवलंय. आणि ते मोळीवालं मोठं चित्र पण घेऊन या म्हणाली, आता तरी.

दुसऱ्या दिवशी दालनवाल्यांचा मला फोन आला. पाहुणे आले आहेत, त्यांना कलावंताशी बोलायचंय, कलावंत कुठे आहेत? भिंतीवरचा मोळीचा फोटोही जागेवर दिसत नाही. मी भाच्याला फोन लावला. मागे एसटीच्या इंजिनाची घरघर आणि 'च्याय गरम'ची आरोळी.

"अरे, आहेस कुठे?"

"दरम्यान," तो म्हणाला. "शिरवळला. गाडी दहा मिनिटं थांबलीय."